मिशिगनमधलं अर्धं क्रेडिट

१८ एप्रिल

तेन्चा,

फाडून टाकायचं असेल तर टाक, पण आधी एवढं वाच. यादिरा बरी आहे. वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, शाळेत जाते. इथे थांबून फाडलंस तरी चालेल.

अजून वाचते आहेस, तर पुढचं लिहिते. माझा फोन तू उचलत नाहीस. यादिराशी रविवारी बोलतेस, ते हवापाण्याचं आणि धाकट्या नोहेमीच्या खोकल्याचं. शाळेचं नाव तू काढत नाहीस आणि तीही काढत नाही. मायलेकी एका मुशीतल्या. म्हणून म्हटलं, आपण लिहावं.

तुमचा ट्रक निघून गेल्यावर ती अंगणात उभीच राहिली. दर एप्रिलला याच ट्रकच्या मागच्या सीटवर धाकटीचं डोकं मांडीवर घेऊन ती वर मिशिगनला, तुमच्या शेतमजुरीच्या जागी निघायची. या वर्षी तिने पहिल्यांदाच ट्रक बाहेरून जाताना पाहिला. "तिया," ती मला म्हणाली, "आपली मागची नंबरप्लेट वाकडी आहे. मला कधी माहीतच नव्हतं." मग आत गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

फाटकापाशी तू मला म्हणालीस, "तुला पोर नाही म्हणून माझी ठेवून घेतलीस." तू मोठी बहीण आहेस, बोलू शकतेस. मी ते मनाच्या एका कोपऱ्यात ठेवलंय आणि त्यावर भांडणार नाही. फक्त एवढं सांगते की मी तिची तिया आहे, मावशी, आणि मी तिला ठेवून घेतलेली नाही. ती राहिली आहे. मी फक्त शिलाईच्या खोलीतलं कापड उचलून तिथे खाट टाकली.

तुझ्या नवऱ्याला, बाल्देमारला वाटतं, पोरीला शेताचा कंटाळा आला. तसं नाही. जूनच्या पहिल्या शनिवारी तिच्या वर्गाचा समारंभ आहे. प्रत्येक विषयाचं एकेक सत्र पुरं केलं की अर्धं क्रेडिट मिळतं, आणि अशा अर्ध्या-अर्ध्यांनी चार वर्षं भरायची असतात. तिची चार अर्धी कमी पडतात. ती भरली नाहीत तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर कॉलेजमध्ये शेतमजुरांच्या मुलांसाठी राखलेली ती नर्सिंगची जागा पुढच्या मुलीला जाईल. पोरीकडे जूनपर्यंतचा वेळ आहे. तिकडे अ‍ॅस्परॅगस किती उगवला आणि त्याचे कोंब कधी कापायला आले, यावर ती थांबणारी गोष्ट नाही.

नेरेइदा


२७ एप्रिल

तेन्चा,

फाडलं नाहीस, असं नोहेमीने यादिराला कळवलं. पत्र खिशात घालून शेतावर गेलीस म्हणे. बरं वाटलं.

काल मी शाळेत गेले होते. तिथल्या सल्लागार मिसेस लोसानो टेबलाखाली चपला काढून बसतात आणि बोलतात भराभर. त्यांनी यादिराचे इथले गुण आणि मिशिगनचे गुण शेजारी-शेजारी मांडले.

"ही बघा," त्या म्हणाल्या, "दहावीचा जगाचा इतिहास. एप्रिलपर्यंत सत्त्याऐंशी. मग शून्य, शून्य, शून्य. काय झालं होतं हिला? आजारी पडली?"

"अ‍ॅस्परॅगस आला," यादिरा म्हणाली.

त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. "आपल्या व्हॅलीतल्या निम्म्या मुलांना हा आजार होतो. पण बाई, जाताना शाळा सोडल्याचा कागद केला असता तर तिथवरचे गुण हिच्याबरोबर मिशिगनला गेले असते. इथे नाव पटावर राहिलं आणि मुलगी गेली. मग रोज गैरहजर, रोज शून्य. दरवर्षी तेच. नाव का नाही काढलं कुणी?"

यादिरा खाली बघायला लागली. मग मीच सांगितलं. तुला विचारलं नाही, रागावशील तर रागाव.

मी त्यांना सांगितलं की तू तेरा वर्षांची होतीस तेव्हा आईने असंच शेतांवर जाताना तुझं नाव शाळेतून रीतसर काढलं होतं, आणि ऑक्टोबरात परत आलो तेव्हा कुणीतरी खिडकीतून म्हणालं की वर्ग भरले, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी तू कांद्याच्या शेडमध्ये कामाला होतीस. मी लहान, मला घेतलं त्यांनी. तेव्हापासून तुझ्या मनात पक्कं बसलं की नाव आहे तोवर खुर्ची आहे. म्हणून यादिराचं नाव तू कधी काढू दिलं नाहीस. बाल्देमार इंजिन सुरू करून बसायचा आणि तू दरवर्षी मास्तरणीला सांगायचीस, "पोरगी येतेय परत, नाव राहू द्या."

मिसेस लोसानोंनी चष्मा काढला. "म्हणजे ती जागा धरून ठेवत होती."

"हो."

"आणि आम्ही इतकी वर्षं समजत होतो की या आयांना पर्वा नाही." दोन्हीकडच्या गुणांचे कागद त्यांनी एकावर एक ठेवले. मग म्हणाल्या, "तिला हे कळवा. दोष म्हणून नका कळवू."

म्हणून कळवते आहे.

दुसरी अडचण तुमच्या तिकडची. तिथल्या शाळेत वर्षाचे तीन तुकडे करतात, इथे दोन. तिकडचा तुकडा इकडच्या चौकटीत बसत नाही. यादिरा म्हणाली, "मिस, तिकडे मी शिकते आणि इकडे ते दिसतच नाही. मधल्या रस्त्यात सांडतं तरी कुठे?"

"सांडलेलं गोळा करायलाच मी पगार घेते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चार अर्ध्यांची वाट आखली. इतिहास आणि बीजगणित बुडीत क्रेडिटांच्या वर्गात संगणकावर पुरं करायचं. स्पॅनिशची परीक्षा देऊन टाकायची. आणि गेल्या वर्षीच्या इंग्रजीचं, जे तिने मिशिगनमध्ये एप्रिल ते जून केलं, ते तिथल्या शाळेकडून मागवायचं.

हो, स्पॅनिश. आपली पोर स्पॅनिशमध्ये गैरहजेरीने बुडाली. आपल्या आजीला कळलं असतं तर थडग्यातून उठून शाळेत गेली असती.

नेरेइदा


९ मे

तेन्चा,

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. ते पुरतं खरं नव्हतं. पहाटे चारला उठते, शेतावर जायचं असल्यासारखी. पायात बूट घालते आणि मग तिच्या लक्षात येतं. सकाळी तिच्याने खाववत नाही. मी अंडं-बटाटा घालून ताको करून देते, तो शाळेतल्या कुणातरी पोरीच्या पोटात जातो. तुम्ही वाकून कोंब कापताय आणि आपण खुर्चीत बसलोय, हे तिला गिळवत नाही. तसं म्हणत मात्र नाही.

पण तेन्चा, तू तिला त्या वर्गात बघायला हवं होतंस.

मी डबा द्यायच्या निमित्ताने गेले होते. शाळेच्या मागच्या बाजूची खोली, पूर्वी तिथे वेल्डिंग शिकवायचे. विय्येगास नावाचे जुने फुटबॉलचे कोच दारापाशी बसून शब्दकोडं सोडवतात आणि पोरं संगणकासमोर बसून बटणं दाबतात. वाचत कुणीच नाही. तिच्या शेजारचा एक जाडजूड पोरगा तिला सांगत होता, "अगं, वाचतेस काय? तीनदा चूक कर. चौथ्यांदा मशीनच कंटाळतं आणि पास करतं."

"मग पुढे काय झालं ते मला कसं कळणार?"

"कशाचं पुढे?"

"युद्धाचं."

दहावीत तिचा वर्ग पहिल्या महायुद्धापर्यंत आला आणि तुमचा ट्रक निघाला. सैनिक खंदकात बसलेले, पाय चिखलात कुजलेले, आणि ही निघाली. दोन वर्षं ते तिच्या डोक्यात तसेच बसून होते. परवा घरी आली ती दारातूनच ओरडत. "तिया! आले बाहेर! संपलं!" मला वाटलं शेजारच्यांचं कोंबड्यांचं काहीतरी. मग जेवताना तिने मला सगळा तह समजावून सांगितला, आणि तो किती वाईट तह होता, आणि त्यातून दुसरं युद्ध कसं निघालं. ताटातला भात निवला. त्या दिवशी मात्र निवलेला भात तिने सगळा खाल्ला.

मला म्हणाली, "तिया, सगळ्या गोष्टींचे शेवट एप्रिलनंतर असतात. मला माहीतच नव्हते. पुस्तकांचे, गणितांचे, सगळ्याचे. मला वाटायचं मला कमी समजतं. समजत होतं. शेवटच कुणी सांगितला नव्हता."

हे ऐकून मी उठले आणि उगीच गॅस पुसायला लागले.

पण अशाने ती मागे पडतेय. तो जाडजूड पोरगा बीजगणित संपवून घरी गेला, ही अजून अर्ध्यात. मला राहवलं नाही. म्हटलं, "पोरी, दाबत जा ना गं थोडं इतरांसारखं. जून येतोय."

तिने माझ्या मशीनवरच्या झग्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाच्या पोरीचा, पंधराव्या वाढदिवसाचा, पाच थरांचा, गुलाबी. "तिया, तू आतली शिवण घालायची टाळतेस का? कुणाला दिसते ती?"

मी झगा पुन्हा मशीनखाली सरकवला. हे असं तोंड तिचं आलं कुठून, ते मी तुला सांगायला नको.

स्पॅनिशची परीक्षा झाली. बाहेर आली ती तणतणत. "तुम्ही सगळे खाता, तुम्ही सगळे जाता, हे ते असल्या शब्दांत विचारतात की आपल्याकडे पाद्रीसुद्धा तसं बोलत नाहीत. स्पेनमधून कुणी येणार आहे का मला भेटायला?" पास झाली. शेजारच्या कोलिन्स मास्तरांच्या मुलाला तिच्यापेक्षा जास्त गुण मिळाले. त्याला रस्त्यावर लिंबू सरबत मागता येत नाही.

उद्या दहा मे, आपल्या लोकांचा आईचा दिवस. तिचा फोन येईल. हवापाण्याचं झालं की लगेच ठेवू नकोस. थोडी धरून राहा. बोलू नकोस काही, नुसती धरून राहा.

नेरेइदा


१७ मे

तेन्चा,

आज थोडक्यात लिहिते, कारण हे पत्र लवकर पोचायला हवं.

इतिहास झाला. स्पॅनिश झालं. बीजगणिताचे शेवटचे दोन धडे राहिलेत, तेवढे ती करेल. अडलंय ते मिशिगनचं इंग्रजी.

मिसेस लोसानोंनी तिथल्या शाळेला दोनदा लिहिलं, तीनदा फोन केला. प्रत्येक वेळी उत्तर येतं, बघतो. काल कळलं की त्यांनी तिला वर्गात बसवलं, पण क्रेडिटासाठी नोंदवलंच नव्हतं. शेतावरची मुलं दोन महिन्यांनी जातात, मग कशाला, असं कुणाला तरी वाटलं असेल. ती बसली होती, लिहीत होती, तपासून घेत होती, आणि कागदोपत्री ती पाहुणी. शिकवणाऱ्या बाईंनी तिच्या गुणांसह लिहून दिलं की ती अमुक इतके तास वर्गात होती, तर इथे ते अर्धं क्रेडिट म्हणून धरतील. पण बाईंपर्यंत निरोपच पोचत नाही. तिकडेही वर्ष संपत आलंय, फोन उचलणारी माणसं जागेवर नसतात. मिसेस लोसानोंना पुढच्या शुक्रवारी यादी बंद करायची आहे.

ते इंग्रजी नव्याने करायला आता वेळ उरलेला नाही. यादिराने काल मला शांतपणे सांगितलं, "नाही झालं तर नाही झालं. मी वर मिशिगनला जाईन, आमा-आपाला शेतावर हात हवेच आहेत." आणि माझ्यासमोर टाके काढत बसली. मला तो शांतपणा आवडला नाही. तुझाच आहे तो. शेडमध्ये कामाला लागलीस त्या दिवशी तू असाच चेहरा केला होतास.

ती शाळा तुमच्या छावणीपासून ट्रकने फार लांब नाही. दिवस कोंब कापायचे आहेत, उन्हाने एका दुपारी वीतभर वाढतात, हे मला ठाऊक आहे. बाल्देमार काय म्हणेल तेही ठाऊक आहे. आणि तुझा पाय कुठल्या शाळेच्या ऑफिसात पडत नाही, तेही.

जा, असं मी लिहीत नाही. बाईंचं नाव मिस व्हँडरमीर आहे, एवढं लिहिते.

नेरेइदा


२४ मे

तेन्चा,

तू मला काही कळवलं नाहीस. मला मिसेस लोसानोंकडून कळलं, आणि उरलेलं नोहेमीने यादिराला फोनवर सांगितलं, एवढ्या जोरात की मला शिलाईच्या मशीनवर ऐकू आलं.

बुधवारी सकाळी तिथल्या शाळेतून इथे फोन आला. पलीकडची बाई मिसेस लोसानोंना हळू आवाजात विचारत होती, "तुमच्याकडे यादिरा नावाची मुलगी आहे का? तिची आई सकाळपासून माझ्यासमोर बसली आहे. गुडघ्यापर्यंत चिखल आहे. मी म्हटलं उद्या या. ती म्हणते, उद्याही इथेच आहे."

मला हसूही येईना आणि रडूही. इकडे मिसेस लोसानो तर उभ्याच राहिल्या होत्या, अनवाणी.

नोहेमी सांगते, तू तिला शाळेतल्या तासातून उठवून दुभाषी म्हणून शेजारी बसवलंस. त्या बाईंनी विचारलं, कागद आणलाय का काही? तू म्हणालीस, "कागद नाही. मी आहे." त्या म्हणाल्या, मुलगी नोंदवलेली नव्हती. नोहेमी म्हणते, मग तू हळू बोलायला लागलीस, म्हणजे तिला घाबरून एकेक शब्द नीट सांगावा लागला.

"माझी मुलगी इथे बसली होती. बसची वाट बघत सकाळी मीही तिच्याबरोबर थंडीत उभी असायची. ती कुठल्या खुर्चीत बसायची ते तिच्या बाईंना विचारा. मी जास्तीचं काही मागत नाही. बसली होती तर बसली म्हणून लिहा."

आणि मग मिस व्हँडरमीर दोन तासिकांच्या मध्ये वर्गातून बाहेर आल्या, तुला बघितलं आणि नोहेमीला म्हणाल्या, "ही यादिराची आई ना? तेच डोळे." त्यांना सगळं आठवत होतं. ती खिडकीपाशी बसायची हे, आणि तिने जूनमध्ये शेवटचं पुस्तक परत देताना विचारलं होतं की यात शेवटी कोण जिवंत राहतं तेवढं सांगाल का, कारण उद्यापासून चेरी आहेत. त्यांनी तिथेच उभ्या-उभ्या लिहून दिलं. दुपारपर्यंत ते इथे पोचलं.

मिसेस लोसानो मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला माझ्याकडे नोकरीला पाठवता का? दोन राज्यांतले आम्ही चारजण जे महिनाभर करू शकलो नाही ते तिने एका सकाळी बसून केलं."

मी म्हटलं, "तिला बसवत नाही हो. ती आयुष्यभर उभी आहे. त्या दिवशी बसली, हेच विशेष."

तेन्चा, मी लहानपणापासून तुझ्या मागे चालले. शेडच्या वाटेवर धूळ उडायची म्हणून तू मला डाव्या बाजूला घ्यायचीस. तू शाळेत गेली नाहीस म्हणून मला जाता आलं, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. पण तुझ्याकडे बघून मला कधी वाटलं नव्हतं की तुलाही त्या दाराची भीती वाटत असेल. मला वाटायचं तुला राग आहे. बुधवारी त्या खुर्चीत तू नोहेमीचा हात घट्ट धरून बसली होतीस, असं ती म्हणाली. आणि तरी बसून राहिलीस.

यादिराला हे कळलं तेव्हा तिने फोन ठेवला, मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. बाहेर आली तेव्हा नाक लाल. म्हणाली, "आमाने अख्खी सकाळ घालवली? कापणीच्या दिवसांत? आपा काय म्हणाला?"

"तुझा आपा तिच्या ओळीतले कोंबही कापत होता," मी म्हटलं. नोहेमीने तेही सांगितलं होतं.

बीजगणिताचे दोन धडे तिने त्याच दिवशी संपवले. वाचून.

नेरेइदा


२ जून

तेन्चा,

काल समारंभ झाला.

मैदानावर खुर्च्या, वर तापलेलं ऊन, आणि आपल्या लोकांचा गोंगाट तू जाणतेसच. समोरच्या कुटुंबाने ट्रकचा भोंगाच काढून आणला होता. तो जाडजूड पोरगाही होता रांगेत, टोपी वाकडी. यादिराचं नाव पुकारलं तेव्हा मी ओरडायचं ठरवलं होतं, पण मी नुसती टाळ्या वाजवत राहिले. मिसेस लोसानो माझ्या वाटणीचं ओरडल्या. काल पायात चपला होत्या त्यांच्या.

इथे एक रीत आहे, तुला माहीत नसेल, कारण आपल्या घरातलं कुणी आजवर त्या रांगेत उभं राहिलं नाही. माझं प्रमाणपत्र मी ऑफिसातून घेतलं होतं. प्रत्येक मुलाला एक गुलाब देतात. प्रमाणपत्र घेतलं की मुलं गर्दीत शिरतात, आपली आई शोधतात आणि तिला तो देतात. मैदानभर बायका रडत होत्या आणि फुलं हातात घेऊन फोटो काढत होत्या.

यादिरा माझ्याकडे येताना दिसली. झगा मीच शिवलेला, पांढरा, वरच्या काळ्या गाऊनमधून खाली बोटभर दिसत होता. मी रुमाल पर्समध्ये टाकला, हात मोकळा केला. ती समोर येऊन उभी राहिली, मला घट्ट मिठी मारली, आणि कानात म्हणाली, "तिया, रागावू नकोस. हे आमाचं आहे."

मला लागलं का? लागलं. खोटं कशाला लिहू. एक क्षण हात तसाच पुढे राहिला. मग मी तोच हात तिच्या गालावर ठेवला आणि म्हटलं, "उन्हात धरून काय उभी आहेस, कोमेजेल. चल, ओला कागद शोधू." आम्ही दोघींनी लिंबू सरबतवाल्याकडून बर्फ मागून घेतला आणि गुलाब त्यात उभा करून घरी आणला.

आता तो माझ्या फ्रीजमध्ये आहे, अंड्यांच्या शेजारी. कालपासून तीन वेळा दार उघडून बघितलंय तिने.

माझ्या मनात होतं की ऑगस्टपर्यंत तिला इथेच ठेवावं. खोलीला पडदेसुद्धा शिवून झाले होते. ती म्हणाली, "तिया, चेरी लागताहेत. शिवाय नोहेमीची नववी आहे, तिला तिथल्या शाळेने नोंदवलंय की पाहुणी म्हणून बसवलंय ते मला जाऊन बघायचंय." हे बोलताना तिने कमरेवर हात ठेवले होते. मला ऑफिसातली ती बिचारी बाई डोळ्यांसमोर आली.

तेव्हा शुक्रवारी मी तिला बसमध्ये बसवते. तिच्या पिशवीत प्रमाणपत्राची एक नक्कल आहे, ती तुझी. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या पहिल्या दिवशी घरच्यांनी सोडायला यायचं असतं. मी येणार, असं त्यांना कळवून बसले होते. काल तिथे फोन करून बदललं, आई येईल म्हणून सांगितलं.

गुलाब पोचेपर्यंत काळा पडेल. हसू नकोस आणि फेकू नकोस. बस रविवारी दुपारी तुमच्या जवळच्या मस्कीगनला लागते. जरा आधीच जाऊन थांब. तिला उतरल्या-उतरल्या तू दिसली पाहिजेस.

तुझी नेरेइदा